बिल्डरच्या ढिगातल्या आसरा

मी माणसांची नाही, हे मला आठव्या वर्षी कळलं, आणि खरं सांगते, मला भारी आनंद झाला. आईला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. तेव्हा ती गावच्या विहिरीवर, शेंदूर फासलेल्या सात दगडांसमोर नवस बोलली होती. त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. मूल देतात, आणि मनात आलं तर घेऊनही जातात. मुलगी झाली तर ती शहाणी व्हायच्या आत, म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आत, तिला घेऊन येईन आणि तुमची ओटी भरीन, असं आईने कबूल केलं होतं. ओटी भरली की मुलगी आईची. नाही भरली तर त्यांची.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ही गोष्ट मी आईला वाटेल तितक्या वेळा सांगायला लावली. दर उन्हाळ्यात गावी जायचं ठरायचं आणि दर उन्हाळ्यात काहीतरी फिसकटायचं. मग बाबांनी सरकारी नोकरी सोडून एका परदेशी कंपनीत नोकरी धरली आणि आम्ही यमुनेपलीकडे, नोएडातल्या नव्या सोसायटीत राहायला गेलो. चार मजली तीन इमारती, बाकी नुसती खडी, वाळू आणि सळया. टीव्हीवर एकदम वीस चॅनेलं दिसायला लागली, बाबा मात्र दिसेनासे झाले. गावाचं नाव काढलं की म्हणायचे, "अगं, या कंपनीत रजा मागितली की माणूस कायमचा रजेवर जातो."

मी तेरा वर्षांची होते आणि चौकशा करायची मला खोडच होती. त्या सात जणी खातात काय? त्यांना शाळा असते का? त्या कोणत्या भाषेत बोलतात, असं मी आईला विचारलं.

"मराठीतच की. आपल्याच आहेत त्या."

"मग माझं मराठी त्यांना कळेल?"

आईने तांदळातून मान वर केली. "तू आधी मला कळेलसं बोल."

शाळेत मी 'वो मराठी लडकी', आणि गावाकडून येणाऱ्या पत्रांत 'दिल्लीवाली'. आसरांकडे तरी मी नुसती आठवी बहीण असेन, असं मला वाटायचं. शाळेतून आले की सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीपाशी जायची आणि लोखंडी झाकणाला कान लावून बसायची. आत पाणी डुचमळायचं. बोलावतायत की काय, म्हणून मी श्वास रोखून ऐकायची. मग वरून आमच्या खिडकीतून थालीपीठाचा वास यायचा आणि वाटायचं, जाऊ दे बाई, नकोच ते.

एका मंगळवारी शाळेतच पाळी आली. मैत्रिणीने निभावून नेलं. घरी मी चकार शब्द काढला नाही. मुदत संपली होती. आता त्या न्यायला येतील याची मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, उत्सुकताही तेवढीच होती. दोन दिवस मी नळ सोडला की आधी पाण्याकडे निरखून बघायची.

आईला यातलं काही माहीत नव्हतं, पण माझी वाढती उंची बघून तिचा धीर सुटत चालला होता. त्याच आठवड्यात बाबांनी यंदाही गाव जमणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, पाणी असेल तिथे आसरा असतात, इथेच भरू ओटी. बाबा म्हणाले, मग यमुनेवर जा. "यमुना स्वतः देवी आहे," आई म्हणाली. "तिच्या दारात दुसरीची ओटी भरून तिचा अपमान करू?" राहता राहिली सोसायटीची टाकी.

गुरुवारी दुपारी सगळीकडे सामसूम बघून ती मला खाली घेऊन गेली. बिल्डरच्या खडीच्या ढिगातून तिने सात दगड निवडले, धुतले आणि झाकणाशेजारी ओळीने मांडले. हिरव्या बांगड्या, खण, नारळ, तांदूळ, दहीभात, सगळं आणलं होतं. कुंकवाचं बोट पहिल्या दगडाला टेकणार, तेवढ्यात मी म्हणाले, "आई, उशीर झालाय. परवाच."

तिला लगेच समजलं. बोट तसंच थांबलं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता रागावेल, अशी इथवर आलीसच कशी म्हणेल. मी विचारलं, "मग आता मी त्यांची?"

तिने पदर खोचला आणि ती दगडांशी बोलायला लागली. चक्क हिंदीत. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही जिची हिंदी अडखळायची, ती माझी आई त्या सात दगडांना सांगत होती, "देखो, देर हुआ. गलती मेरा है, इसका नहीं. ओटी लेना है तो लो. लेकिन लडकी मेरी है. मैं नहीं देगी."

"हिंदीत का?" मी हळूच विचारलं.

"इथले दगड आहेत," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "त्यांना नीट कळायला हवं."

मग तिने सातही दगडांना कुंकू लावलं, ओटी भरली. आसरांना विचारायचा एक प्रश्न मी महिनाभर शुद्ध मराठीत घोकून ठेवला होता, की तुमच्याकडे मला करमेल का. तो विचारायचा राहूनच गेला. आईने माझं मनगट धरलं होतं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत सोडलं नाही. दारासमोर आलो तरी सोडेना, आणि एका हाताने तिला कुलूप उघडता येईना. शेवटी मी तिच्याकडून किल्ली घेतली आणि मोकळ्या हाताने आमचं घर उघडलं.