व्हायवाच्या दिवशी परीक्षक बेपत्ता

ती घटना आठवली की आजही मी बसल्या जागेवरून उठतो आणि घरातल्या घरात फेऱ्या मारायला लागतो. बायको म्हणते, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता तरी एका जागी बसा. पण काही प्रकरणं कागदावर मिटतात, अंगातून जात नाहीत. यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक वयस्क, विद्वान गृहस्थ भर सकाळी सोलापूर स्टेशनवरून गायब झाले होते, एवढंच. नावं मी कुणाचीच घेणार नाही, विद्यापीठाचंही नाही.

तेव्हा मी शहराच्या कडेच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी घेऊन चहाचा पहिला घोट घेतला, तोच विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखांचा फोन आला.

"ताबडतोब या. आमचे परीक्षक कुणीतरी पळवले!"

पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत दागिने पळवले, म्हशी पळवल्या, मुली पळवल्या हे ऐकलं होतं. परीक्षक पळवल्याची वर्दी पहिलीच. चहा तसाच टाकून निघालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीएच.डी. करणाऱ्याने प्रबंध लिहून दिला की तो बाहेरगावच्या परीक्षकांकडे जातो. त्यांनी वाचून अहवाल पाठवला तरच पुढची तोंडी परीक्षा होते. तिला सगळे व्हायवा म्हणतात. ती सगळ्यांसमोर असते आणि तिला परीक्षक स्वतः येतात. त्यांना स्टेशनवरून आणायचं, चहा-नाश्ता, जेवण, शाल, जाताना सोलापुरी चादर, हे सगळं त्या विद्यार्थ्याच्या गळ्यात. नियमात असं कुठंही लिहिलेलं नाही, पण चालतं तसंच.

सभागृहात पोचलो तर लग्नघरातून नवरदेव पळाल्यावर जी कळा येते ती आलेली. भिंतीला बॅनर लावलेला, टेबलावर फुलं. जिची व्हायवा होती ती मुलगी दारात उभी. तिचे आईवडील मोहोळहून आलेले. वडिलांच्या डोक्यावर कोरी टोपी, आई नवीन इरकल नेसून अगदी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. विभागप्रमुख म्हणजेच तिचे गाईड, घाम पुसत होते.

"साहेब, मी स्टेशनवर पोचले तवर गाडी येऊन थांबली हुती," मुलगी म्हणाली. "सगळे डबे बघितले. सर न्हाईत. फोन लावला तर बंद."

"अपहरणाचा गुन्हा नोंदवा," विभागप्रमुख म्हणाले. "विद्यापीठाच्या अब्रूचा प्रश्न आहे. जेवण पण सांगून ठेवलंय."

"सर, आधी माणूस शोधू. जेवणाचं आणि अब्रूचं मग बघू," मी म्हणालो.

सज्ञान माणूस दोन-चार तास दिसला नाही म्हणून लगेच अपहरण होत नाही. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली, मिसिंगचे कागद सुरू केले, मोबाईलचं शेवटचं लोकेशन मागवलं आणि हवालदारांना घेऊन रेल्वे स्टेशन गाठलं. सोबत विभागप्रमुख आणि ती मुलगी. जीपमध्ये ती मागच्या सीटवरून सारखी विचारत होती, "साहेब, काय कळलं का? सरांना शुगर हाय. काय झालं नसंल न्हवं?" तिने मला दम खाऊ दिला नाही. मी मूळचाच उतावळा, त्यात ही.

रेल्वे पोलिसांनी सीसीटीव्हीचं चित्रण दाखवलं. गाडी थांबली, परीक्षक उतरले. पाठमोरा एक माणूस पुढे आला, वाकला, त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि त्यांना बाहेर एका पांढऱ्या गाडीकडे घेऊन गेला. गाडीचा नंबर दिसत नव्हता. चेहरा एकदाही कॅमेऱ्याकडे नाही.

आमचे हवालदार नोकरीत माझ्यापेक्षा जुने. ते म्हणाले, "साहेब, पळवणारा आधी पाया पडतोय व्हय?"

हाच धागा होता. वाकून नमस्कार करणारा, बॅग हातातून घेणारा माणूस म्हणजे विद्यार्थी. परीक्षक कसलीही चौकशी न करता त्याच्याबरोबर गेले, कारण स्टेशनवर घ्यायला विद्यार्थीच येणार हे त्यांना गृहीत होतं. मी विभागप्रमुखांना चित्रण पुन्हा दाखवलं.

"नाही बुवा," ते म्हणाले. "हा आपल्यातला वाटत नाही."

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मी न्हाय ओळखत."

वाटेत विभागप्रमुखांना विद्यापीठात सोडलं आणि मुलीला घेऊन ठाण्यावर परत आलो. लोकेशन अजून यायचं होतं. मी व्हरांड्यात येरझारा घालत होतो आणि काहीतरी खटकत होतं, ते काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं. परतीच्या वाटेवर जीप शांत होती. चित्रण बघायच्या आधी दर सिग्नलला 'सर सापडले का' म्हणणारी मुलगी, चित्रण बघितल्यापासून एका शब्दाने बोलली नव्हती. माणूस काळजीत असला की विचारतो. विचारायचा थांबला, म्हणजे एकतर त्याने आशा सोडलेली असते, नाहीतर त्याला उत्तर सापडलेलं असतं. हिच्या चेहऱ्यावर आशा सोडल्याची खूण नव्हती.

महिला पोलिसाला सोबत बसवलं आणि मुलीला समोर घेतलं.

"सरांची काळजी मिटली वाटतं तुझी?"

ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली.

"मिटली! त्यांना काय बी होणार न्हाय, माहीत हाय मला."

"कोण आहे तो?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"बाळ, फोन बंद आहे. त्यांना शुगर आहे असं तूच म्हणालीस. काही कमी-जास्त झालं तर त्याला कोण वाचवणार?"

मग ती बोलली. तो तिच्याच गाईडचा आधीचा विद्यार्थी, तिचा सीनियर. ती त्याला दादा म्हणायची. हेच परीक्षक त्याच्याही प्रबंधाला होते. प्रबंध जाऊन दीड वर्ष झालं, अहवाल नाही.

"पीएच.डी. विभागात गेलं की म्हणतात, स्मरणपत्र पाठवलंय की. आमच्या गाईड सरांना म्हणलं तर ते म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाला मी कसं टोकू? दादा अजून तासाच्या पैशावर शिकवतात साहेब. आता एका कॉलेजात कायमची जागा निघालीय, मुलाखत तोंडावर आलीय. पीएच.डी. न्हाय तर दारात बी उभं करणार न्हाईत. चाळिशी आली त्यांची. परत कवा निघणार जागा?"

"आणि गाडीची वेळ त्याला कुणी सांगितली?"

"मीच. काल माझी तयारी त्यांनीच घेतली दिवसभर. पण असलं काय करतील असं स्वप्नात बी आलं न्हाय मला."

"काय करेल तो त्यांना?"

"काय करणार? वाचायला लावतील."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "अगं, तुझी व्हायवा बुडतेय! आईवडील तिकडे ताटकळत बसलेत."

"माझी आज न्हाय तर महिन्यानं हुईल. दादांचं नाव एकदा तुमच्या कागदावर चढलं तर त्यांची कवाच न्हाय."

मी त्याच्या घराचं विचारलं. पत्ता होटगीचा निघाला. ती हद्द आमची नाही, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवलं आणि निघालो.

त्या रस्त्यावर मी घाबरलो होतो हे कबूल करतो. हवालदार हसत होते, मी हसत नव्हतो. आरडाओरडा करणारा माणूस बोलून मोकळा होतो. दीड वर्ष नुसतं 'बरं सर' म्हणत राहणाऱ्याचा मात्र मला भरवसा वाटत नाही. अशा गरीब गाईंनी काय काय करून ठेवलंय ते मी पंचनाम्यात लिहिलं आहे. त्यात होटगीजवळ रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी संपता संपेना. मी जीपमधून उतरून फाटकापाशी जाऊन उभा राहिलो, जणू त्याने गाडी लवकर जाणार होती.

घर रुळांपासून जवळच होतं. वडील रेल्वेत गँगमन होते, आता हयात नव्हते. दार सताड उघडं. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत आमचे बेपत्ता परीक्षक बसलेले, मांडीवर जाडजूड प्रबंध, हातात पेन्सिल. आरोपी हात बांधून भिंतीला टेकून उभा. त्याची आई दारात ताट घेऊन.

"ऊटा माडरी, जेवा की म्हणून कवापासनं सांगतीय," ती माझ्याकडेच तक्रार घेऊन आली. "ऐकनातच की हे सर. तुमी तरी सांगा."

परीक्षकांनी मान वर न करता हात वर केला. "एक मिनिट. हे प्रकरण संपू द्या."

"साहेब, बेड्या कुणाला घालायच्या?" हवालदार माझ्या कानात म्हणाले.

प्रकरण संपेपर्यंत मी अंगणात फेऱ्या मारल्या. मग परीक्षकांनी चष्मा काढला आणि सांगायला लागले. गाडी होटगीच्या रस्त्याला लागल्यावर त्यांना संशय आला. त्यांनी आवाज चढवला. त्याने गाडी कडेला घेतली, उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, सर, उतरायचं तर उतरा, मी रिक्षा बघून देतो. फक्त एवढं सांगा, माझा प्रबंध वाचलाय का?

"नुसतं 'हो' म्हणालो असतो तर सुटलो असतो," परीक्षक म्हणाले. "तोंडातून निघेना. तो गठ्ठा माझ्या घरी आहे इन्स्पेक्टर. दोरीसुद्धा सोडलेली नाही. दार उघडंच होतं. मीच म्हणालो, प्रत आहे का तुमच्याकडे?"

"आणि फोन?"

"मीच बंद केला. सारखा वाजतो, वाचू देत नाही."

प्रबंध सांगोल्याकडच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारावर होता. दुष्काळात कोण विकतं, कोण घेतं, यावर. मला त्यातलं काही कळत नाही. पण परीक्षकांचा चेहरा बघून एवढं कळलं की काम वाईट नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना जास्त लागलं होतं.

मी त्या पठ्ठ्याला बाजूला घेतलं आणि मनसोक्त झापलं. "अक्कल गहाण टाकली होतीस का? धाकट्या बहिणीसारखी पोर ती. तिच्या व्हायवाच्या दिवशी हे उद्योग?"

"तिच्या व्हायवाला सरांना येळेत पोचवायचं ठरलं हुतं साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "चार पानं वाचतील, लाजंकाजं अहवाल देतील, एवढंच डोक्यात हुतं. सर उठंनातच."

मग त्याने विचारलं, "साहेब, गुन्हा दाखल झाला तर मुलाखतीला बसू देतील का?"

मी त्याला जीपमध्ये बसायला सांगितलं. खोटं सांगून माणसाला नेणं हा पोरखेळ नाही, आणि ते मी कसंही बघितलं तरी बदलत नव्हतं.

आम्ही सगळे विद्यापीठात परतलो. विभागप्रमुख धावत आले आणि परीक्षकांना म्हणाले, "सर, प्रवास नीट झाला ना?" मग मागून उतरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याकडे बघून म्हणाले, "अरे, तू इकडे कुठे?" सहा वर्षं ज्याला मार्गदर्शन केलं, त्याची पाठ त्यांना कॅमेऱ्यात ओळखता आली नव्हती. कळल्यावर मात्र ते भडकले. तक्रार घ्या, याची नोंदणी रद्द करतो, वगैरे.

परीक्षकांनी जबाब दिला: मी माझ्या मर्जीने गेलो होतो, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. सही केली आणि विभागप्रमुखांना म्हणाले, "आज तुम्ही माझ्यासाठी पोलिसांना धावायला लावलंत. त्या दीड वर्षात एक फोन केला असता तर?"

विभागप्रमुख म्हणाले, "तुम्ही एवढे मोठे..."

मुलीची व्हायवा उशिरा झाली, पण झाली. जेवण गार झालं होतं. तिच्या आईने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, "पास झाली न्हवं साहेब?" जणू निकाल मीच लावला होता.

मिसिंग बंद केली. परीक्षकांचा अहवाल आठवड्याच्या आत आला. पुढे त्याची व्हायवा झाली, मुलाखत झाली, नोकरी लागली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी पीएच.डी.चा कागद हातात पडला, असं त्याने मला फोन करून सांगितलं तेव्हा मला घरच्या माणसाचं झाल्यासारखा आनंद झाला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं की मी सांगायचो: पळवणाऱ्याला पकडणं सोपं असतं. तो काहीतरी करतो, त्याच्या खुणा राहतात. जो काहीच करत नाही, त्याच्यावर कुठलं कलम लावायचं? आमच्याकडे तपास रेंगाळला की वरचा साहेब आठवड्याला उभं करून विचारतो, हे पेंडिंग का? तिथे कुणीच कुणाला विचारत नव्हतं. विभाग स्मरणपत्र पाठवून मोकळा, गाईड संकोचाने गप्प, परीक्षक कामात. तिघंही सज्जन, आणि त्या तिघांच्या मध्ये एक माणूस चाळिशीला आला. हे मी निवृत्त झाल्यावर दोन-तीन व्याख्यानांतही सांगितलं. टाळ्या पडल्या.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. आता तो स्वतः गाईड आहे. बाहेरच्या विद्यापीठांचे प्रबंधही त्याच्याकडे तपासायला येतात, हे तो जरा अभिमानानेच सांगत होता.

मी सहज विचारलं, "सध्या आहे का एखादा?"

"हाय की साहेब, एक हाय."

"कसा आहे?"

"तुमची तब्येत कशी हाय साहेब?" त्याने विचारलं. मी खुर्चीतून उठलो.

"प्राध्यापक, गठ्ठा उघडला का?"

"परीक्षा चालू हाईत साहेब. त्यात समितीची कामं. जमलंच न्हाय बघा. आज... आजच उघडतो."

"आलाय कधी?"

"झालं असंल की वरीसभर."

माझा हात गाडीच्या किल्लीकडे गेला.

"आईला म्हणावं, भाकरी टाका," मी म्हणालो. "आणि तुमचा फोन बंद ठेवा. मी येतोय होटगीला. तुम्ही वाचायचं, मी ओट्यावर बसतो."