पदराची गाठ

अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्याची माफी असावी. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागते. मला तशी सवयच आहे. त्या सवयीचंच लिहायचं आहे.

परातीत पीठ मळत होते. गावातल्या मोठ्या शेतीवाल्यांच्या घरी तीन वर्षं मी भाकरी करायचे. दहाला न्याहारी मिळायची, तेव्हाच माझी एचआयव्हीची गोळी घ्यायचे. एका गोळीत तीन औषधं असतात. रोज एकच, न चुकता. नवरा बोअर पाडायच्या गाडीवर गावोगाव फिरायचा. तो ह्याच आजारानं गेल्यावर माझं रक्त तपासलं, तेव्हापासून गोळी चालू. डबी पिशवीत खुळखुळते, लोक विचारतात. म्हणून एकच गोळी पदराच्या टोकाला गाठ मारून न्यायचे.

त्या दिवशी गाठ सुटली. गोळी परातीच्या काठाला वाजली आणि फरशीवर गेली. मालकीणवहिनींनी उचलली.

"कशाची गं?"

"डोकं दुखतंय, वहिनी."

त्यांच्या मुलाचं कळंबला औषधाचं दुकान. तो तिथंच चहा पीत होता. गोळी उलटीपालटी करून बघितली.

"आई, ही आपल्या दुकानात मिळत न्हाय. सरकारी दवाखान्यात फुकट मिळती. कुणाला मिळती, ते इचार तिला."

मी पीठच मळत राहिले. वहिनींना कळलं. परात पायानं सरकवली.

"तीन वर्षं आमाला हेच चारलंस व्हय गं?"

मग म्हणाल्या, "कुत्र्यालाबी घालू नको. उकिरड्यात पूर. तुझ्याच हातानं."

पुरलं. दहा माणसांचं पीठ, नखांनी माती ओढून. शेतावरच्या बायका बघत होत्या. हात धुवायला पाणी मागितलं नाही. दारात येऊन म्हणाले, "चुकलं, वहिनी."

लिहिताना अजून कान तापतात. आजाराची एवढी लाज वाटत नाही आता. 'चुकलं' म्हणाले, त्याची वाटते. काय चुकलं होतं?

उन्हाळ्यात घरावर पत्रे टाकायला त्यांच्याकडून पाच हजार उचल घेतली होती. काम सुटलं, ती अंगावर राहिली. वहिनी म्हणाल्या, "म्हैन्याला पाचशे दे. खालच्या पायरीवर ठेवायचे. वर यायचं न्हाय."

कळंबला अडत्याच्या दुकानापुढं सोयाबीन चाळायला जाऊ लागले. पदराला गाठ मारायची भीती बसली. डबी घरी, मी बाजारात. दहा वाजायचे, निघून जायचे. घरी आल्यावरही बरेचदा डबीकडं बघवायचं नाही.

महिना संपल्यावर दवाखान्यात उरलेल्या गोळ्या मोजतात. सिस्टरनी डबी टेबलावर ओतली.

"अकरा उरल्या, ताई. अकरा दिवस काय केलंत?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

सगळं सांगितलं. त्या भडकल्या. "भाकरीनं हा आजार होत नाही, किती वेळा सांगितलं? आणि गोळी पदराला बांधता? घामानं वाया जाते ती. डबीतच ठेवायची. असं मधेच सोडलं तर गोळी लागू पडायची बंद होईल. मग त्या वहिनी येणारेत का औषध घेऊन?"

मान खाली घालून म्हणाले, "चुकलं."

इथं खरंच चुकलं होतं. ह्या दोन 'चुकलं'मधला फरक एसटीत बसल्यावर कळला. पहिल्यांदाच कळला.

पुढच्या हप्त्याला शंभराच्या पाच नोटा पायरीवर ठेवल्या. फाटकातून वळून बघितलं. वहिनींनी नोटा उचलल्या, अंगठ्याला थुंकी लावली आणि मोजल्या. एकेक. परत थुंकी, परत नोट.

माझ्या हातचं पीठ पुरलं. माझ्या हातची नोट थुंकी लावून मोजली. तरीही त्या दिवशी काही बोलले नाही. ती लाजही माझीच.

शेवटचा हप्ता काल होता. शेजारच्या दोन बाया वहिनींबरोबर तूर निवडत बसल्या होत्या. मी पायऱ्या चढून वर गेले.

"खाली ठेव गं."

"न्हाय. हातात घ्या."

"आगं बया! लईच शहाणी झालीस की."

"थुंकी लावून मोजता न्हवं नोटा? मग हातातून घ्यायला काय झालं? न्हाय तर घरी नेते."

निवडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कुणाला हसल्या, माहीत नाही. वहिनींनी नोटांकडं बघितलं, मग हात पुढं केला. बोटाला बोट लागलं.

"वहीत माझ्या नावावर काट मारा."

मारेपर्यंत हलले नाही.

दहा वाजले होते. पिशवीतून डबी काढली. खुळखुळली, खुळखुळू दिली. त्यांच्याच पायरीवर बसून, माझ्या बाटलीतल्या पाण्यानं गोळी घेतली. आता ती कुणाच्या भीतीनं चुकणार नाही. त्या दारात म्हटलेलं 'चुकलं' मी परत घेतलं आहे. त्यांचे पाच हजार पूर्ण फिटले.