नोमोलूनचा वाटा

तळावर पांढऱ्या घोड्या नऊच, आणि त्यांची शिंगरं नोमोलूनच्या दावणीला होती. घोडीचं दूध काढणं हे पुरुषाचं काम. पण नवरा तोकुम लढाईत गेल्यापासून तेही तिच्याच गळ्यात पडलं होतं. खानाच्या मेजवानीसाठी तिने पंधरा दिवस घुसळून आंबवलेल्या दुधाचे चार बुधले धाडले. मांडलिक राजे येणार होते, आणि हरलेल्यांची तहान मोठी असते.

मेजवानीचं मांस तळावरच्या प्रत्येक चुलीला वाटून जायचं, मेलेल्याच्या घरीसुद्धा, नाव पुकारून. ज्याचं नाव पुकारलं नाही, तो तळाचा नाही. तळ हलताना त्याच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही, कुरणात त्याला जागा नाही.

पहिल्या दिवशी नोमोलून थाळा घासून दारात बसली. दिवस कलला. शेजारणींनी हाडंसुद्धा फोडून चोखली. नोमोलूनचा थाळा मात्र लख्खच राहिला.

ती तडक वाटे ठरवणाऱ्या कारभाऱ्याकडे गेली. जिर्गो नात्याने तिचा दीर लागत होता.

"वहिनी, पाहुणे फार झाले," तो म्हणाला. "विधवांचे वाटे तेवढे कमी केले. समजून घ्या की."

"पाहुणे कोण?"

त्याने नावं सांगितली. त्यातल्या एका राजाच्या तटाखालीच तोकुम मेला होता. राजा नंतर शरण आला, त्याला रेशमी अंगरखा मिळाला, आणि आता तो खानाच्या उजव्या हाताला बसून तोकुमच्या वाट्याची बरगडी चोखत होता. शरण जाण्यात हा फायदा असतो. मरणाऱ्यांना तो कोणी वेळेवर सांगत नाही.

"वा रे दीर! भावाला मारणाऱ्याला वाढतोस आणि भावजयीला समजून घ्यायला सांगतोस!"

"हळू बोला हो, आत ऐकू जाईल."

दुसऱ्या दिवशी आकाशाला पांढऱ्या घोडीचं ताजं दूध शिंपडायचं, मगच मंडपात पहिला घास. पहाटे दूध न काढताच नोमोलूनने शिंगरं सोडली. जिर्गो भांडी घेऊन आला तेव्हा नऊच्या नऊ शिंगरं आयांना लुचत होती.

"हे काय केलंत!"

"भूक लागली होती त्यांना. तीही पाहुणीच समज."

"वहिनी, माझी मान जाईल!"

"मग जा, खानाला सांग दूध का नाही ते. सगळ्या राजांसमोर सांग."

जिर्गो गेला आणि झाकलेला थाळा घेऊन परत आला. मांस बरंच होतं. नोमोलूनने त्याला हातही लावला नाही.

"हे कुत्र्याला घालतात तसं झालं. नाव घेऊन दे."

दुपारी भर मंडपात मांस वाटणाऱ्याने पुकारलं, "तोकुमची चूल!" खानाच्या उजव्या हाताच्या राजाने दुभाष्याला विचारलं, हा तोकुम कोण? दुभाषी जाणता होता. "इथलाच एक," म्हणाला.

नाव मंडपाबाहेरपर्यंत ऐकू आलं. सगळ्यांच्या देखत नोमोलून थाळा घेऊन घरी आली आणि दारात बसून जेवली. शिंगरांची पोटं भरली होती, घोड्यांना पुन्हा पान्हा फुटायला संध्याकाळ उजाडली. तोवर खान, राजे आणि आकाश असे सगळेच उपाशी थांबले.

"मेंढी म्हातारी होती," ती जिर्गोला म्हणाली. "पुढच्या वेळी बघून काप."