शिवळमामाचा गुत्ता

शिवळमामांच्या गुत्त्यात शिरायचं तर आधी गाडीची शिवळ काढून त्यांच्या हाती द्यावी लागे. शिवळ म्हणजे जुवाच्या टोकाची ती लाकडी खुंटी. ती काढली की बैलाची मान जुवात राहत नाही, आणि बैल जुंपता आला नाही तर गाडी जागची हलत नाही. मामा ती शिवळ घेऊन मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगत आणि मगच गिलास पुढे सरकवत. कापसाच्या दिवसांत ती भिंत शिवळांनी भरून जाई. सायकलवाल्याची किल्ली घेत, पायी आलेल्याची निदान टोपी तरी ठेवून घेत. कुणी कुरकुर केली तर ठरलेलं वाक्य यायचं, "पेनं तुहं, पण जीव घरच्याईचा. तो माह्यापाशी ठेव अन् मंग पे."

हे मलकापुरातलं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, दारूबंदी सैल झाली होती आणि स्टेशनरोडवर बाजाराच्या ऐन पोटात परवान्याचे तीन गुत्ते एका ओळीत बसले होते. एक टिनाचा, एक लिंबाखालचा आणि तिसरा मामांचा. आता तिथं मोबाइलची दुकानं, एक पेढेवाला आणि काचेच्या दाराचा दवाखाना आहे. आमच्या वयाची मंडळी कधी जमली की त्या गुत्त्यांची आठवण काढून उसासे टाकतात. काय ती मैफल, काय ती भजी, काय ती माणसं. मी मान डोलावतो, पण मनातून मला एवढंच वाटतं की गेले ते बरं झालं. आणि असं वाटणारा पहिला माणूस मी नव्हतो. पहिला माणूस खुद्द मामाच होते, हे मला फार उशिरा कळलं.

मामा स्वतः थेंबाला शिवत नसत. गल्ल्यामागं बशीत चहा ओतून फुर्र फुर्र पीत बसायचे. धोतर स्वच्छ, कपाळावर बुक्का, आवाज इतका हलका की पिणाऱ्यालाच गप्प बसून ऐकावं लागे. दुसरा गिलास मागितला की विचारत, "आज घरी भाजी कोंती हाय?" ज्याला सांगता येई त्याला दुसरा मिळे. ज्याला सांगता येत नसे त्याला म्हणत, पहिले घरी जाऊन पाहून ये. बहुतेकजण भाजी पाहायला जात आणि परत येत नसत. धंदा करायची ही कुठली रीत, असं टिनाच्या गुत्त्याचा मालक म्हणायचा आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

शिवळ परत मिळायचीही परीक्षा होती. मामा ती तुमच्या हातात देत आणि गाडीपाशी येऊन उभे राहत. एका दमात जुवाच्या भोकात बसवलीत तर जा. दोनदा चुकलात तर शिवळ पुन्हा खिळ्यावर आणि बैल शेजारच्या लिंबाला. मग गावाकडचं कुणी शुद्धीतलं भेटेपर्यंत बसा भजी खात. या परीक्षेत सर्वांत जास्त वेळा नापास झालेला इसम म्हणजे मी. मॅट्रिकलाही नापासच होतो, त्यामुळे सवय होती. सरकी काढणाऱ्या जिनातल्या कापसाच्या गाठी माझ्या गाडीनं स्टेशनच्या मालधक्क्यावर नेऊन टाकायच्या हे माझं काम. राज्या आणि मोती ही बैलजोडी सगळ्या मलकापुरात नावाजलेली, आणि त्यांचा मालक दुसऱ्याच कारणानं नावाजलेला.

माझी बायको कमल संग्रामपूरकडची. बोलायला कमी, पण एकदा बोलली की ते वाक्य आठवडाभर घरात फिरत राहायचं. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा ती एका दुपारी सरळ मामांच्या गुत्त्यावर गेली. आत नाही शिरली, शेजारच्या लिंबाखाली उभी राहिली. मामा बाहेर आले. माह्या माणसाले देऊ नका, एवढंच ती म्हणाली. मामांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, मी नाई म्हणीन. पण मंग तो नाक्यावरच्या गुत्त्याकडं जाईन. तिथं शिवळ कोनी मांगत नाई." कमलनं पेला परत दिला आणि निघून गेली. हे मला दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही, भजीवाल्यानं सांगितलं. मी त्यावर हसलो होतो. ते हसणं आठवलं की आजही लाज वाटते.

मग मी एक शहाणपणा केला. लागोपाठ दोन दिवस मामांनी माझी शिवळ अडकवून ठेवली, आणि मला शेजाऱ्याच्या गाडीत गाठीसारखं पडून घरी यावं लागलं. मला राग आला. मी दारच्या लिंबाची एक फांदी तोडली, तासली, आणि अशी झकास शिवळ बनवली की सुतारानं शाबासकी द्यावी. ती गाडीत वैरणीखाली लपवली. तिसऱ्या दिवशी खरी शिवळ मामांच्या हाती दिली, पोटभर प्यायलो, लघवीला जातो म्हणून उठलो, वैरणीखालची काढून बैल जुंपले आणि निघालो. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की गाणं म्हणत होतो.

शिवळ बाभळीची हवी आणि वर्षभर वाळलेली हवी, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझी होती ओल्या लिंबाची. नाल्याच्या उताराला गाडीचा सगळा भार जुवावर आला आणि ती कटकन मोडली. मोतीची मान जुवातून निसटली, गाडी आडवी झाली आणि त्याचा मागचा पाय चाकाखाली आला. मी खड्ड्यात पडलो होतो, मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. जनावराचा तो आवाज मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझी खरी शिवळ घेऊन घरी आले. मोडलेला तुकडा हातात घेऊन त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "वल्ल्या लिंबाची केली न बे?" बस्स. ना शिव्या, ना उपदेश. मोतीपाशी जाऊन बसले आणि कमल लेप लावत होती तोवर त्याचं डोकं मांडीवर धरून राहिले. निघताना त्यांचे डोळे लाल झालेले मी पाहिले, आणि मला वाटलं जागरणानं झाले असतील. मी किती बिनडोक होतो याचा हा एक नमुना.

दीड महिन्यानं मोती लंगडत का होईना उभा राहिला. त्याच दिवशी कमलनं पिशवी भरली. म्हणाली, "पोळ्याले येईन, बैल सजवाले. तवा तुमच्या तोंडाचा वास पाहीन. आला तं तशीच वापस जाईन, मंग बोलवाले येऊ नका." भांडण नाही, रडणं नाही. एस्टीत बसली आणि माहेरी गेली. पोळ्याला तेव्हा साडेतीन महिने होते.

तिला जाऊन चार दिवस होत नाहीत तोच स्टेशनरोड रुंद करायचं निघालं. तिन्ही गुत्त्यांना नोटिसा आल्या. टिनाचा आणि लिंबाखालचा हे दोघे वकिलाकडे धावले. मामांनी नोटीस आणणाऱ्या शिपायाला चहा पाजला, तिथंच सही केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं छप्पर उतरवायला लागले. आम्ही गिऱ्हाईकं रस्त्यापलीकडे मयताला उभं राहावं तशी उभी होतो. मामा मात्र लग्नघरातल्यासारखे लगबगीत होते. मी मनात नाक्यावरच्या गुत्त्याचं अंतर मोजत होतो.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मी पायात चपला घालतोय तर मामा ओट्यावर हजर. पाणी मागितलं, प्यायले, आणि भिंतीला टेकून बसले. फुटाण्याची पुडी सोडली. आता आमच्याकडची रीत अशी की दारी आलेला माणूस बसलेला असताना घरधन्यानं उठून जाणं म्हणजे सात पिढ्यांना बट्टा. मी चपला काढल्या. मामा बोलत राहिले, कापसाचं, बैलांचं, बीबी गावी दिलेल्या त्यांच्या लेकीचं. अखेरीस उठून म्हणाले, "नाक्यावरच्याचं झालं आता बंद. झोप तू." धंद्यातला माणूस, वेळा तोंडपाठ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. एकदा सांगितलं, अंगात ताप आहे, मी झोपतो. ते म्हणाले, मंग तं बसलंच पाह्यजे, आणि उशाशी येऊन बसले. एकदा सांगितलं, मला बाहेरगावी जायचंय. ते म्हणाले, चाल, मलेबी काई काम नाई. हात थरथरायचे, घाम फुटायचा, रागानं डोकं फुटायची वेळ यायची. ते काहीच न दिसल्यासारखं करून चुलीवर गुळाचा चहा ठेवायचे आणि बशीत ओतून माझ्या तोंडाशी धरायचे. साठीचा माणूस, ज्यानं मला चार वर्षं पाजली, तोच आता मला लेकरासारखा चहा पाजत होता. कायले करून राह्यले हे, असं मी एकदा चिडून विचारलं. ते म्हणाले, गुत्ता गेला, मले बसाले जागा नको का.

पुढे कधी तरी मी त्यांची वाट पाहायला लागलो. नक्की कधी ते सांगता येणार नाही. एका संध्याकाळी त्यांना उशीर झाला, तेव्हा मी जीव खालीवर होऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. समोर नाका होता, गुत्त्यातला दिवा दिसत होता. मी मामा कुठे दिसतात का ते पाहिलं आणि परत येऊन चहाचं आधण ठेवलं. ते पाचेक मिनिटांत आलेच.

पोळ्याच्या दिवशी सकाळच्या एस्टीनं कमल आली. मामा नेमके तेव्हा ओट्यावर बसून मोतीच्या शिंगांना रंग लावत होते, मी राज्याची झूल बांधत होतो. ती माझ्या अगदी जवळ आली. झुलीची गाठ नीट बसली नाही असं म्हणून माझ्या हातातून तिनं ती घेतली, आणि तेवढ्यात तिनं जे पाहायचं ते पाहून घेतलं. गाठ बांधली. मग पिशवी उचलून घरात नेऊन खुंटीला अडकवली. मी राज्याच्या पाठीवर डोकं टेकून रडलो. असं सुटल्यासारखं रडू मला त्याआधी कधी आलं नव्हतं.

मामांनी ब्रश ठेवला, हात पुसले आणि निघाले. मी धावत जाऊन त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं, पायावर डोकं ठेवायला वाकलो तर त्यांनी वरच्या वर धरलं. उद्या बीबीला लेकीकडे कायमचे जातोय म्हणाले. मी म्हटलं, मामा, तुमचे उपकार कसे फेडू? त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधीच पाहिला नव्हता.

"उपकार तुहे झाले बे," ते म्हणाले. "बापानं गुत्ता गयात बांधला, तो माह्याच्यानं सोडवला गेला नाई. इतकी वर्सं लोकाईले पाजली. एकाची तरी सोडवून जाता आली. आता वर गेलो तं खाली मान घालून उभं राहा लागणार नाई."

एवढं बोलून ते आपल्या घराच्या दिशेनं चालू लागले, आणि मी घरी परतलो. कमल चुलीपाशी होती. आज भाजी कोणती, मी विचारलं नाही, आपणच जाऊन पाहिली.