दोरीमामाचा खांदा

आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढणाऱ्याला सगळे दोरीमामा म्हणायचे. चाळीस वर्षं विंगेच्या अंधारात उभा राहिलेला माणूस. तो पडदा असा उचलायचा, की मागे उभा असलेला जांभया देणारा नटही ताठ व्हायचा. मी घरी नेलेल्या टाळ्यांपैकी निम्म्या त्याच्या. द्यायच्या राहून गेल्या.

मग त्याचा उजवा खांदा आखडला. एका प्रयोगात पडदा मध्येच अडला आणि प्रेक्षकांना राजाचे नुसते गुडघे दिसले. राजा मी होतो. गुडघ्यांना काय दाद मिळाली म्हणता! पण व्यवस्थापक भडकले. "खांदा बरा झाल्याचा कागद आणा, नाहीतर महिनाअखेरीला पडद्याला मोटार बसवतो." तोवर दोरी सुताराच्या हाती गेली.

मामाची भाची फिजिओथेरपिस्ट. तिने सहा आठवडे व्यायाम करून घेतला आणि शेवटी घड्याळाएवढ्या दोन डब्या काढल्या. एक मामाच्या छातीवर बांधली, एक दंडावर.

"चपलेच्या जोडापेक्षा स्वस्त आहेत, पण हात किती अंश वर गेला ते चोख सांगतात. एकशे चाळीस झाले, की कागद देते."

मामाने हात उचलला. मीही सोबत गेलो होतो; भाची आणि मी टक लावून बसलेलो. तिच्या फोनवर आकडा आला ऐंशी. पुन्हा उचलला, पंच्याहत्तर!

"अरे मामा, घरी माळ्यावरचा डबा काढतोस तेव्हा?"

"तेव्हा जातो की."

"मग इथं काय झालं?"

"तुम्ही बघताय ना!"

"नाटकात जन्म गेला तुझा," मी म्हणालो, "आणि बघणाऱ्यांना भितोस?"

"तुमचा गेला उजेडात, साहेब. माझा अंधारात."

तोंड पाडून त्याने डब्यांवरूनच सदरा चढवला आणि दुपारच्या प्रयोगाला पळाला. तिथे तिसरी घंटा झाली तरी सुताराचा पत्ता नाही. मामाने इकडेतिकडे पाहिलं आणि दोरी धरली.

संध्याकाळी भाची डब्या शोधत थिएटरात आली. डबीच्या पोटात साठलेलं तिने फोनवर उघडलं आणि किंचाळलीच. "एकशे बावन्न! मामा, सव्वातीनला काय करत होतास?"

मामा चोरी पकडल्यासारखा उभा. "ओढला गं पडदा. कोणी बघत नव्हतं."

"डबी बघत होती की!"

कागद तिथेच लिहिला गेला. तो वाचून व्यवस्थापकांनी मोटारीचं माहितीपत्रक पंख्यासारखं हलवत वारा घेतला.

पुढच्या प्रयोगाच्या शेवटी मी मामाला ओढत रंगमंचावर आणलं. डब्या मुद्दाम बांधलेल्या. "हात वर कर. जुनी बाकी घे."

मामाने केला. पहिल्या रांगेतून भाची ओरडली, "पंचेचाळीस!"

सगळं थिएटर हसलं. मामा विंगेत पळाला, आणि पडदा असा सरसर खाली आला, की माझं अभिवादन अर्ध्यावरच राहिलं.