मोहाच्या झाडाखालची पितळी पुंगळी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यात धरला, याची हल्ली बायको मला आठवण करून देते. ही एक केस मात्र कोणी विचारो न विचारो, जशीच्या तशी समोर उभी राहते. नावं कोणाचीच लिहिणार नाही. माणसं हयात आहेत, त्यांना त्याच गावात राहायचं आहे.

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या अंगाला जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मोहफुलांचे दिवस होते. सकाळची हजेरी सुरू असतानाच साकोलीच्या दवाखान्यातून फोन आला. पहाटे फुलं वेचायला गेलेल्या एका बाईला छर्रे लागले होते. चेहरा, खांदा, सगळीकडे. डावा डोळा गेल्यात जमा होता. तिला आधी भंडाऱ्याला आणि तिथून थेट नागपूरला हलवलं. जबाब घ्यायला माणूस पाठवला, तर डॉक्टरांनी लिहून दिलं की रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत नाही. जगेल की नाही, हेही कोणी सांगेना.

नवऱ्याने फिर्याद दिली. त्यात आरोपीचं नाव सरळ लिहिलेलं होतं, आणि ते होतं त्याच्या चुलत भावाचं. दोघांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, लागून; धुऱ्याचा, म्हणजे मधल्या बांधाचा, वाद जुना. महिनाभरापूर्वीच या चुलत भावाने चारचौघांत म्हटलं होतं, "एक दिवस गोळीच घालतो." त्यात भर म्हणजे त्याच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोरची बंदूक होती आणि त्या पहाटे तो तिथून हाकेच्या अंतरावर शेतात झोपलेला होता. आता यापेक्षा सोपी केस कोणती? वरिष्ठांचं म्हणणं तेच, गावाचं म्हणणं तेच. मी त्याला अटक केली, बंदूक जप्त केली, कोर्टातून पोलीस कोठडी घेतली.

चौकशीत माणूस रडला नाही, उलटही बोलला नाही. शिव्या दिल्याचं कबूल केलं, धमकी दिल्याचंही कबूल केलं. धुऱ्यावर कोण बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. गोळीचं विचारलं की मात्र नकारार्थी मान हलवायचा. त्याची बायको रोज डबा घेऊन यायची आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहायची. ठाणे अंमलदाराने तिला बाकावर बस म्हटलं, तर म्हणाली, "मी कायले बसू बाकावर? माह्या माणसाले सोडा, मी घरी जाते." एकदा तिने मला विचारलंच. "साहेब, भावाले मारायचंच असतं, तर त्याचं शेत धुऱ्यालेच लागून असताना हा त्या बाईच्या मोहाखाली काहून गेला असता?" मी तिला तेवढ्यापुरतं गप्प केलं. पण प्रश्न चुकीचा नव्हता.

इथे मोहाची रीत सांगायला हवी, कारण सगळी केस तिच्यावर फिरली. जंगलाच्या काठावरची मोहाची झाडं सरकारी कागदावर वनखात्याची असतात. गावाच्या मनात मात्र झाड न् झाड वाटलेलं असतं. हे अमक्याच्या घराचं, ते तमक्याच्या सासूचं, आजे-पणज्यापासून. हंगाम लागायच्या आधी घरची बाई आपल्या झाडाखालचा पाला झाडून साफ करते, म्हणजे पहाटे गळलेलं फूल मातीवर दिसतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. उचललं तर पुढच्या मोहापर्यंत बोलणी खावी लागतात. आणि त्याच फुलांवर रानडुकरंही येतात, हे शिकारीची हौस असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

पहिल्या दिवशीच्या पंचनाम्यात रक्त, उलटी पडलेली टोपली आणि झाडाच्या बुंध्यात घुसलेले छर्रे मिळाले. गावातल्या एका मोठ्या घरून आमच्यासाठी खुर्च्या आल्या, चहा आला. ते घर जुन्या मालगुजाराचं, म्हणजे इकडच्या जमीनदाराचं. घरातले वडीलधारे, ज्यांना गाव बापूजी म्हणायचं, स्वतः येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले की आरोपी तापट आहे, सोडू नका. सभ्य माणूस, पांढरं धोतर, बोलणं मऊ. मी चहा प्यायलो. पोलिसाला चहा कोणाचाही प्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, या वेळी गावातल्या कोणालाही न सांगता. पंच म्हणून दोन सरकारी कर्मचारी साकोलीहून घेतले. झाडाखालची जागा सोडून आम्ही नाल्याच्या काठचा न झाडलेला पाला पायाने चाळत गेलो. माझा एक हवालदार अंगाने चांगला भरलेला. त्याच्या बुटाखाली काहीतरी कडक आलं. वाकून पाहतो तर रिकामी पुंगळी, म्हणजे बार झालेल्या काडतुसाचं कवच. पितळी, काळपट, आणि आमच्या ओळखीच्या बारा बोरपेक्षा अंगाने बारीक. हवालदाराच्या वजनाने तिचं तोंड थोडं चेपलं होतं, म्हणून मी त्याला तिथेच दोन शब्द सुनावले. पंचनामा केला, पुंगळी सीलबंद केली आणि पंचांना सांगितलं की ही गोष्ट घरी बायकोलाही सांगायची नाही.

मुख्यालयातल्या आर्मररने, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्याने, पाहताक्षणी सांगितलं, सोळा बोर; बोरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक. आमच्या हद्दीत सोळा बोरचा एकही परवाना नव्हता. मुद्देमाल नागपूरच्या प्रयोगशाळेत गेला आणि मी तिथल्या एका जुन्या बंदूक विक्रेत्याला फोन लावला. तो आधी हसला. म्हणाला, "साहेब, बारा बोरचं काय पाहिजे ते सांगा. सोळा बोरचं नाव काढू नका." त्याच्या सांगण्यानुसार त्याच्याकडे या मापाचं काडतूस येणं कधीच बंद झालं होतं. बाहेरून मागवायचं तर भाव ऐकूनच गिऱ्हाईक खुर्चीवरून उठतं. मग जुनी बंदूक बाळगणारे काय करतात? आजोबाच्या काळच्या पितळी पुंगळ्या जपून ठेवतात आणि त्याच पुन्हा पुन्हा भरतात. घरी असं भरणं हा गुन्हा आहे, पण करतात. ठिणगी पाडणारी टोपी, बारूद, छर्रे कोणी ना कोणी चोरून पुरवतो. पुंगळी मात्र कोणीच पुरवत नाही. एक हरवली की एक बार कायमचा कमी.

फोन ठेवला आणि मी हिशोब मांडत गेलो. बारा बोरवाला पुंगळी फेकून देतो, त्याला काय! पण ज्याच्याकडे असल्या मोजक्याच उरल्या आहेत, तो फेकणार नाही. पहाटेच्या अंधारात बंदुकीतून उडाली असेल, सापडली नसेल, माणसं धावून आली म्हणून पळाला असेल. आणि तसं असेल तर तो ती शोधायला परत येईल. पोलीस आहेत, गाव तापलं आहे, बाई मरणाच्या दारात आहे, तरी येईल. शहाणा माणूस असं करणार नाही, हे मलाही कळत होतं. पण हौशी माणूस शहाणा नसतो.

मी जखमी बाईच्या सासूला बोलावलं. म्हातारी हाडाने काटक, जिभेने त्याहून. तिला पुंगळीबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं की तुमच्या झाडाकडे कोणी उगाच फिरताना दिसतं का. तिने लगेच सांगितलं, जणू मी उशीरच केला होता विचारायला. "दिसते ना! बापूजी येऊन राहिले. टोपली नाही, काही नाही. खाली मुंडी घालून नाल्याकडं फिरून राहिले. त्याईचा मोहा तर तिकडं तळ्याच्या पाळीवर हाय, मंग आमच्या झाडाखाली काहून?" तू विचारलं नाहीस का, म्हटलं. तर म्हणाली, मोठ्या माणसाले कोण विचारते.

त्याच्या पुढच्या पहाटेपासून मी एका महिला शिपायाला जुनं लुगडं नेसवून म्हातारीची भाची म्हणून फुलं वेचायला पाठवलं. नाल्यापलीकडे दोन शिपाई बसवले. भाचीला फुलं वेचणं जमेना. म्हातारी तिला म्हणाली, "तू आपली नोकरीच कर वो बाई." हे शिपायांनी ठाण्यात येऊन सगळ्यांना सांगितलं आणि पुढे वर्षभर ते तिला ऐकावं लागलं. पहिल्या पहाटे कोणी आलं नाही. दुसऱ्या पहाटे उजाडता उजाडता बापूजी आले. हातात काठी. काठीने पाला सारत, वाकून पाहत, पुन्हा दोन पावलं पुढे. झाडाखाली रक्ताचा डाग अजून दिसत होता. त्याला वळसा घालून ते पुढे गेले आणि शोधत राहिले. शिपायांनी विचारलं तेव्हा म्हणाले, गोठ्याची किल्ली हरवली. गोठा गावात, किल्ली जंगलात!

ठाण्यात त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी आवाज चढवला नाही. टीव्हीवरच्या मालिकांत दाखवतात तसली चौकशी मी उभ्या जन्मात केली नाही. तासभर ते किल्लीचंच सांगत राहिले. मग मी पंचनाम्याच्या वेळी घेतलेला पुंगळीचा फोटो मोबाइलवर उघडला आणि काही न बोलता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा सारखा केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. आणि म्हणाले, "हिचं तोंड दबलं. कोणाचा पाय पडला?"

माझ्या लेखनिकाने लिहिता लिहिता हात थांबवला. बापूजींच्याही लक्षात आलं, पण तोंडातून गेलं ते गेलं. मग माणूस मोकळा झाला. मोकळा कसला, गाऱ्हाणंच सांगायला लागला. बंदूक आजोबांची. वडील वारल्यावर परवाना वारसाच्या नावावर केला नाही, बंदूक गहाळ झाल्याचं लिहून दिलं आणि ती धानाच्या कोठीत ठेवली. सोळा बोरचं सामान मिळवायला काय काय करावं लागतं, हे त्यांनी मला इतकं तपशीलवार सांगितलं की जणू मी त्यांना अनुदान मंजूर करणार होतो. कोण भाव वाढवून देतो, कोणाचा माल ओला निघतो, चांगल्या टोप्यांसाठी किती वाट पाहावी लागते. पुंगळ्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. डुक्कर समजून दोन बार काढले, हेही सांगितलं. पहिली पुंगळी लगेच सापडली, दुसरी सापडली नाही.

मी विचारलं, "बाई पडलेली दिसली होती तुम्हाला?"

"दिसली ना."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडत होता. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला संताप आला आणि मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

कोठीतून बंदूक मिळाली, उरलेल्या पुंगळ्या फडक्यात एकेक गुंडाळून ठेवलेल्या मिळाल्या. प्रयोगशाळेचा अहवाल पुढे जुळला. सामान पुरवणाऱ्या दोघांना धरलं. चुलत भावाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात दिला आणि तो सुटला. बायको त्याला घ्यायला आली होती. तिने माझे आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. जाताना दोघं घरी न जाता बस धरून नागपूरला, बाईला पाहायला गेले, असं मला नंतर कळलं.

बाई वाचली. डोळा गेला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी स्वतः जबाब घ्यायला गेलो. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. जवळ नवरा बसलेला, खाली मान घालून. कोणी मारलं ते तिला माहीत नव्हतं. आवाज झाला, तोंडावर आग पडली आणि ती खाली कोसळली, एवढंच. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली की जवळ कोणीतरी आलं होतं.

"पायाचा आवाज ऐकू येऊन राहिला होता, साहेब. तो माणूस पाला उकरून राहिला होता. मले दिसत नव्हतं. मले वाटलं, माहा डोळा पडला आन् तो शोधून राहिला. मी म्हटलं, दादा, राहू दे तो, मले उचल पयले."

मी ते शब्द जसेच्या तसे जबाबात लिहिले, एक मात्राही बदलली नाही.

निवृत्तीनंतर नवीन पोरं भेटायला येतात, विचारतात, साहेब, गुन्हेगार ओळखावा कसा. मी त्यांना ही केस सांगतो. अंधारात नेम चुकू शकतो, ते मी बापूजींचं मान्य केलं होतं आणि कोर्टातही तसंच सांगितलं. पण बार झाल्यावर उजाडत होतं, बाई बोलत होती, आणि माणूस दोनदा खाली वाकला. एकदाही तिच्यासाठी वाकला नाही.