न निघणारा डाग

आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात तिला सगळे शाई म्हणतात. कोपरापर्यंत हात निळे, नखांत निळं, कधी नाकाच्या शेंड्यावरही निळं. वीस-एकवीसची पोर, कामाला वाघ, पण तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे कोरड्या नळाची तोटी पिळण्यासारखं. मी तिच्या शेजारच्या कढईवर काम करते आणि शेजारच्याच खोलीत राहते. त्यामुळे तिचं माझ्यापासून काही लपत नाही, असं मला आपलं वाटायचं.

शाईला वाढवलं तिच्या मावशीनं. आई गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली तेव्हा शाई शाळेत जात होती. आईची पाळी आधी मागेपुढे व्हायला लागली, मग मध्येच अंगावर जायला लागलं, आणि ती बया कुणाला चकार शब्द बोलली नाही. बोलली तेव्हा फार उशीर झाला होता. मावशीनं बहिणीचं सगळं दुखणं काढलं. तेव्हापासून भीतीनं तिच्या मनात जे ठाण मांडलं, ते काही उठलं नाही. शाईला पाळी सुरू झाल्यापासून दर महिन्याला मावशीचा एकच प्रश्न, आली का? जरा उशीर झाला की मावशीचं जेवण सुटायचं, झोप उडायची. खोली एवढीशी, दोघींची अंथरुणं लागून. आत गेलं की मलाही वाटायचं, ती भीतीच तिसरी होऊन पलीकडे तोंड करून निजलीय.

गेल्या वर्षात शाई वाळत चालली. मी म्हणायचे, "अगं, वाऱ्यानं कापडाबरोबर तूही उडून जाशील एक दिवस." ती नुसते ओठ हलवायची. डबा उघडायची, चार घास चिवडायची आणि बंद करायची. विचारलं की म्हणायची, भूक नाही. मावशी मात्र निर्धास्त होती. दर महिन्याला मागच्या दोरीवर पाळीची फडकी धुऊन वाळत असायची, तिला तेवढं पुरायचं.

एका सुट्टीच्या सकाळी मावशी माझ्या दारात उभी. हातात ओलं फडकं.

"तुझा साबण दे गं जरा. पोर दमलेली दिसली, म्हटलं आज मीच धुते, तर हा डाग काही निघेना."

मी फडकं बादलीत घातलं आणि दणकून चोळलं. पाणी नितळच्या नितळ. डाग लालभडक, जसाच्या तसा. रक्ताचा डाग वाळला की तपकिरी पडतो, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. आणि असा हट्टी लाल कुठून येतो, ते आम्हा रंगकामवाल्यांना ठाऊक असतं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काही बोलायच्या आधीच ती उंबऱ्यावर बसली.

शाईला हाक मारली. माझं डोकं फिरलं होतं.

"कधीपासून नाही आली?"

"खूप महिने झाले."

"आणि हे काय?"

"कारखान्यातला रंग."

"अगं बावळट, मग तो पक्का कशाला केलास?"

"सवयीनं," शाई म्हणाली. "मीठ-सोड्याकडे हात आपोआप गेला."

एरवी मी पोट धरून हसले असते. मावशीनं अगदी बारीक आवाजात विचारलं, का लपवलंस.

"मला उशीर झाला की तू अर्धी मरतेस. म्हटलं, माझं व्हायचं ते होईल, तुला तरी झोप लागू दे."

मेलीला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं, आणि त्याच वेळी पोटाशी धरावंसंही वाटलं.

दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. बहीण गेल्यापासून मावशीला तिथली पायरी एकटीनं चढवत नाही, म्हणून मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं खोदून विचारलं, दिवस तर राहिले नाहीत ना तेही तपासलं, वजन केलं, रक्त घेतलं, मग सोनोग्राफी. शाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई म्हणाल्या, गाठबीठ काही दिसत नाही.

"नीट बघा," शाई भिंतीलाच म्हणाली. "आईलाही पहिल्या तपासणीत काही नाही म्हणाले होते."

बाईंनी न चिडता पुन्हा सगळं बघितलं. मग म्हणाल्या, "नाही. खरंच नाही. तुझ्या वयात पाळी थोडी मागेपुढे होते, दर वेळी त्यात मोठं काही नसतं. पण सलग तीन महिने आली नाही तर दाखवायलाच हवं, लपवायचं नाही. रक्ताचे रिपोर्ट येऊ देत. मला तरी तुझं घटलेलं वजन आणि ही भीती, हीच कारणं दिसतायत. शरीराला स्वतःपुरतं मिळेना, की ते पाळी थांबवतं. नीट खाल्लंस तर येईल, वेळ लागेल. जेवत का नाहीस?"

शाईनं कुडता पोटावर ओढून घेतला.

"शेवटी शेवटी आईचं पोट फुगत गेलं होतं," ती म्हणाली. "मी शाळेतून आले की रोज बघायचे. गेल्या वर्षी माझी पाळी पहिल्यांदाच खूप लांबली तेव्हा ठरवलं, माझं पोट वाढू द्यायचं नाही."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मावशी खुर्चीला धरून उठली आणि शाईच्या उशाशी गेली.

"तिचं पोट त्याच्या आधीही एकदा वाढलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या वेळी. अस्संच मोठं. मी हात ठेवला की आतून लाथ मारायचीस."

शाईनं मान वळवली.

"मग ती काय म्हणायची?"

"म्हणायची, भूक लागली असेल माझ्या पोरीला, काहीतरी खायला आण."